पावसाच्या तोंडावरचा उकाडा आणि गोठ्यातील जनावरे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नवतपा सरला की जनावरांना आता उसंत मिळेल, अशी आपली समजूत असते. या सदराकडे येणारी पत्रे मात्र वेगळे सांगतात. जनावरांच्या उष्णतेच्या त्रासाविषयीची बहुतेक पत्रे भर वैशाखात येत नाहीत. ती मृगाच्या आगेमागे, पारा उतरल्यावर आणि हवा गदमदू लागल्यावर येतात. त्यांतील सात पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, केवळ जिल्हा दिला आहे.

प्रश्न : आमच्याकडे सहा एच. एफ. (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. गोठ्यावर टिनाचे छप्पर आहे. गेल्या वर्षी बारीक तुषार उडवणारे फॉगर बसवले आणि तीन बाजूंनी गोणपाटाचे पडदे लावून ते दिवसभर ओले ठेवले. एप्रिल-मे महिन्यांत गाईंना चांगलाच आराम मिळाला. जूनमध्ये मात्र पारा ४२ वरून ३६ अंशांवर आला, तरी त्याच गाई तोंड उघडून धापा टाकू लागल्या आणि दूध घटले. फॉगर जास्त वेळ चालवूनही उपयोग झाला नाही. आमचे काय चुकत आहे? (जि. वर्धा)

उत्तर : मे महिन्यात आपण जे केले ते योग्यच होते, हवा बदलल्यावरही तेच चालू राहिले, एवढीच चूक झाली. विदर्भातील प्रत्येक घराला याचा अनुभव आहे. ज्या कूलरवर वैशाखातील दुपार निभावते, तोच कूलर वळवाचा पाऊस पडून गेल्यावर लावला की अंगाला चिकचिक सुटते, आणि मग घरातील कोणीतरी उठून त्याच्या पाण्याची मोटर बंद करते व नुसता पंखा चालू ठेवते. आपल्या गोठ्यात ती मोटर बंद करायची राहून गेली.

यामागचे कारण नीट समजून घेतले, तर पुढचे निर्णय आपले आपल्याला घेता येतील. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. फॉगरचे बारीक तुषार हवेतल्या हवेत विरतात, म्हणून ते हवेतील उष्णता ओढतात आणि हवा थंड होते. परंतु हे हवा कोरडी असेल आणि आणखी ओलावा सामावून घेऊ शकत असेल तोवरच चालते. हवा आधीच दमट असेल, तर तुषार विरत नाहीत. ते गाईच्या केसांवर दवासारखे बसतात, कातडीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि केसांत अडकलेला तो ओलसर थर कातडीवरील वाफेला बाहेर पडू देत नाही. गाय स्वतःला थंड ठेवते ती घामाच्या आणि श्वासाच्या वाफेने. हवा दमट झाली की तिचे हे दोन्ही मार्ग एकाच वेळी आखडतात.

हेच आकड्यांत पाहू. जनावरावर पडणारा उष्णतेचा ताण मोजण्यासाठी उष्णता आणि आर्द्रता यांचा मिळून एक निर्देशांक काढतात. त्यासाठी दोन साधे तापमापक लागतात : एक कोरडा आणि दुसऱ्याच्या टोकाला ओले मलमल गुंडाळलेले. दोन्हींवरील अंश सेल्सिअसमधील मापांची बेरीज करावी, तिला ०.७२ ने गुणावे आणि त्यात ४०.६ मिळवावेत. उत्तर ७२ च्या वर गेले की दुभत्या गाईला त्रास सुरू झाला असे धरतात. भरपूर दूध देणाऱ्या गाईंच्या बाबतीत ही मर्यादा आता ६८ मानली जाते. मे महिन्यातील एखाद्या दुपारी कोरडे माप ४२ आणि ओले माप २२ असेल, तर निर्देशांक ८६.७ येतो. जूनमधील दुपारी कोरडे माप ३६ आणि ओले २८ असेल, तरीही निर्देशांक तेवढाच, ८६.७ येतो. म्हणजे पारा सहा अंशांनी उतरला, पण गाईला पैशाचाही आराम मिळाला नाही. आता दोन्ही दिवशी फॉगर लावा. मे महिन्यात गोठ्यातील हवा ओल्या मापाच्या जवळ, म्हणजे २७ अंशांपर्यंत खाली आणता येते आणि निर्देशांक ७६ पर्यंत उतरतो. जूनमध्ये ओले मापच २८ असल्याने हवा फार तर ३० अंशांपर्यंत येईल, आणि निर्देशांक ८२ च्या खाली जाणार नाही. त्यातच पडदे बांधलेले असले, तर सहा गाईंच्या श्वासाची आणि शेणमुताची वाफ आत कोंडते आणि ओले माप आणखी चढते.

अशाच एका गोठ्यात मी मागे जूनमधील दुपारी गेलो होतो. पडदे खालून दोरीने आवळलेले होते आणि फॉगर चालू होते. चाऱ्यापासून दूर उभे राहून मी एक उदबत्ती पेटवली आणि गाईच्या पाठीच्या उंचीवर धरली. धूर सुतासारखा सरळ वर गेला. बाहेर अंगणात कडुनिंबाची पाने हलत होती. आम्ही पडदे सोडले, फॉगर बंद केले, गाईंच्या अंगावर बादलीने पाणी ओतले आणि घरातील उभा पंखा आणून दावणीच्या टोकाला लावला. तासाभराने कडेच्या गाईने तोंड मिटले आणि ती गव्हाणीकडे वळली. उदबत्तीची ही परीक्षा आपणही करून पाहावी; गाईच्या पाठीजवळ धूर वाकत नसेल, तर त्या गोठ्यात पाण्याचा कोणताही उपाय लागू पडणार नाही.

दमट दिवसांतील रीत अशी आहे. पाणी हवेत उडवायचे नाही, ते गाईच्या कातडीवर घालायचे आणि वाऱ्याने वाळवायचे, म्हणजे वाफ होताना ते उष्णता हवेतून न ओढता गाईच्या अंगातून ओढते. त्यासाठी मोठ्या थेंबांचा फवारा, झारी किंवा बादली वापरावी. केसांखालची कातडी भिजेपर्यंत, साधारण एक ते दोन मिनिटे पाणी घालावे, मग पाणी बंद करून दहा ते पंधरा मिनिटे पंख्याचा झोत द्यावा, आणि कातडी सुकत आली की पुन्हा पाणी घालावे. दर वेळी अशा तीन-चार फेऱ्या कराव्यात. सकाळच्या दोहनाआधी, दुपारी, संध्याकाळच्या दोहनाआधी आणि रात्री झोपण्यापूर्वी असे केले तर फरक दिसतो. पाठीवरून पाणी कासेवर ओघळू लागले की थांबावे. ओली कास आणि ओली जमीन यांमुळे दगडी होते, आणि उकाड्यातून वाचलेली गाय कासदाहाने जाते.

पडदे आणि फॉगर टाकून देऊ नयेत, ते पुढच्या मार्चमध्ये लागतील. कोरड्या आणि ओल्या मापांतील फरक दहा अंशांहून कमी झाला की फॉगर बंद करून पडदे गुंडाळावेत, असा माझा ठोकताळा आहे. पंखे गाईंच्या तोंडापासून आणि शिंगांपासून उंच, वायर नळीतून नेलेली, आणि मुख्य जोडणीवर गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवलेला, यांत हयगय करू नये. ओल्या गोठ्यात विजेचा धक्का एकाच वेळी सगळी दावण संपवू शकतो. टिनावर पावसाळ्यापूर्वी चुना मारावा आणि आतून तुराट्यांचे किंवा बांबूच्या तट्ट्यांचे छत द्यावे. तापलेल्या पत्र्याची धग पाठीवर उतरणे त्यामुळे थांबते.

प्रश्न : माझ्याकडे एकच संकरित गाय आहे. घरी वीज आहे, पण दुपारी ती असेलच असे नाही. पंखा घेणे परवडत नाही. आमच्याकडे कपाशीवर औषध मारण्याचा पाठीवरचा पंप आहे. तो धुऊन त्याने गाईच्या अंगावर पाणी मारले तर चालेल का? (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, हे कृपा करून करू नका. कपाशीवर मारली जाणारी अनेक कीटकनाशके कातडीतून अंगात शिरतात, आणि पंपाच्या टाकीत, नळीत व नोझलच्या जाळीत त्यांचा अंश कितीही धुतले तरी राहतो. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण जवळून पाहिले असेल. गाय अंग चाटते. अंगावर पडलेले औषध तिच्या पोटातही जाते. तोच पंप, तीच टाकी, तीच बादली जनावराकडे कधीही नेऊ नये.

आपल्याला पंखा नाही, तर वारा जिथे आहे तिथे गाय न्यावी लागेल. अंगणात किंवा धुऱ्यावर कडुनिंब, करंज, चिंच, आंबा यांपैकी जे झाड असेल त्याच्या सावलीत तिला दिवसा बांधावे. झाडाखालची सावली टिनाखालच्या सावलीपेक्षा केव्हाही गार असते, कारण पान स्वतः तापून खाली धग सोडत नाही. सावली सरकते तसा खुंटा बदलावा, दुपारी एकदा हे करायला विसरू नये. सकाळी दहाच्या सुमारास, दुपारी एक, तीन आणि पाचच्या सुमारास बादलीभर पाणी मग्ग्याने मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, दोन्ही कुशींवर ओतावे आणि हाताने केसांत चोळावे, म्हणजे ते वरच्या वर ओघळून जाणार नाही. वारा अगदी पडलेला असेल, त्या दिवशी सुपाने किंवा पुठ्ठ्याने पाच मिनिटे घातलेला वाराही कामाचा आहे. घरातील मुले हे काम आनंदाने करतात.

रात्री गाय कोठ्यात बांधू नये. दिवसभर अंगात साठलेली उष्णता जनावर रात्री उघड्या आभाळाखाली बाहेर टाकते, आणि दमट दिवसांत रात्रही फारशी गार होत नसल्याने तिला मिळेल तेवढी मोकळी हवा हवी असते. पावसाची चिन्हे असतील तर चारही बाजूंनी उघडा मांडव पुरेसा आहे. डास फार असतील तर कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा, पण तो वाऱ्याच्या दिशेने दूर. धूर कोंडला तर धाप वाढते. मांडवावर पऱ्हाट्या किंवा वाळलेले गवत टाकले असेल, तर चूल आणि विजेची वायर त्यापासून लांब ठेवावी.

प्रश्न : गाय दुपारी धापा टाकते, तोंडातून लाळ गळते आणि अंग गरम लागते. ही उन्हाची बाधा आहे की ताप, की लाळ-खुरकूत, हे घरी कसे ओळखावे? आणि गाय एकदम खाली बसलीच, तर डॉक्टर येईपर्यंत काय करावे? (जि. चंद्रपूर)

उत्तर : आधी श्वास मोजण्याची सवय लावून घ्यावी. गाय शांत उभी असताना बाजूला उभे राहून तिच्या कुशीवर नजर ठेवावी, कूस किती वेळा फुगते ते अर्धा मिनिट मोजावे आणि दुप्पट करावे. सावलीतील निरोगी गाईचे मिनिटाला २० ते ३५ श्वास होतात. ६० च्या वर गेले की तिला उष्णतेचा ताण आला आहे. ८० ते ९० झाले की हातातील काम टाकून तिला पाणी आणि वारा द्यावा. १२० च्या पुढे जाऊन जीभ बाहेर पडली, मान पुढे ताणली गेली, तर जीव धोक्यात आहे. हात लावून अंग गरम की गार हे ठरवणे फसवे असते. साधा डिजिटल तापमापक गुदद्वारात आतील भिंतीला टेकवून धरावा. गाईचे नेहमीचे तापमान १०१.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. १०३ च्या वर गेले की काळजी घ्यावी.

उन्हाची बाधा आणि रोगाचा ताप यांतील फरक पहाटे कळतो. केवळ उकाड्याने तापलेल्या गाईचे तापमान रात्रीच्या गारव्याने उतरून पहाटे पाच-सहाच्या सुमारास बहुधा नेहमीवर येते, आणि संध्याकाळी पुन्हा चढते. पहाटेही १०४ किंवा १०५ असेल, खांद्यापुढची गाठ फुगलेली असेल, डोळ्यांच्या आतील कड पांढुरकी दिसत असेल आणि अंगावर गोचीड असतील, तर तो उकाडा नव्हे. संकरित गाईंना याच दिवसांत गोचिडांमुळे होणारा थायलेरियाचा ताप येतो आणि तो उपचारावाचून जीवघेणा ठरतो. अशा वेळी रक्ताची तपासणी करून घ्यावी. लाळ-खुरकुतीत लाळ तारेसारखी लोंबते, जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, गाय लंगडते. उकाड्यात लाळ पातळ असते आणि तोंडात जखम नसते. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही : लाळ-खुरकुतीतून बरी झालेली काही जनावरे पुढे कायमची उष्णता सोसेनाशी होतात, त्यांचे केस लांब व राठ होतात आणि इतर गाई शांत असतानाही ती धापा टाकतात. अशी गाय आपल्याकडे असेल, तर गोठ्यातील सर्वांत वाऱ्याची जागा तिला द्यावी, आणि लसीकरण चुकवू नये.

गाय खाली बसली, तर तिला उठवून चालवू नये. सावलीच तिच्यावर आणावी. ताडपत्री चौघांनी धरली तरी चालते. मानेपासून मांड्यांपर्यंत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सतत ओतत राहावे आणि वारा घालावा. तापलेल्या अंगावर गार पाणी टाकले की जनावर दगावते, या समजुतीपायी कितीतरी मोलाची मिनिटे वाया जातात. विहिरीच्या पाण्याने असे काही होत नाही. नळ्याने किंवा बाटलीने पाणी पाजू नये. धापा टाकणाऱ्या जनावराच्या घशात ओतलेले पाणी फुप्फुसात जाते आणि उष्माघातातून वाचलेली गाय न्युमोनियाने मरते. बादली तिच्या तोंडापुढे ठेवावी, ती आपण होऊन पिईल. माणसाच्या तापाच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही. तापमान १०३ पर्यंत उतरले की पाणी थांबवावे, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जाते. पशुवैद्यकाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावा, आणि तो पाणी ओतणे सुरू केल्यानंतर लावावा.

प्रश्न : उकाड्यात गाई चारा टाकून देतात, म्हणून मी सरकीची ढेप आणि गोळी पेंड वाढवली. तरीही दूध वाढले नाही, उलट फॅट कमी लागते आणि शेण पातळ झाले. खायचा सोडा द्यावा असे काहीजण सांगतात. (जि. अकोला)

उत्तर : चारा कमी आणि पेंड जास्त, हीच अडचणीची जागा आहे. गाय धापा टाकते तेव्हा श्वासावाटे कर्बवायू जास्त बाहेर पडतो, रक्ताचा समतोल सांभाळण्यासाठी शरीर सोडा लघवीवाटे टाकून देते, आणि जो लाळेतून पोटात जायचा तोही लाळ गळल्याने जमिनीवर पडतो. म्हणजे रवंथाच्या पोटातील आंबट कमी करणारा तिचा स्वतःचा सोडा दोन्हीकडून संपतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण आंबट वाढवणारे खाद्य वाढवतो. फॅट उतरणे आणि शेण पातळ होणे ही त्याचीच खूण आहे. दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या गाईला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खायचा सोडा, दोन वेळा विभागून, आंबोणात मिसळून द्यावा. त्यासोबत ४० ते ५० ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. गाईच्या घामातून मिठापेक्षा पोटॅशियम जास्त जाते, म्हणून थोडी का होईना लसूणघास किंवा अन्य हिरवा चारा देणे उपयोगी ठरते. ढेप पूर्वीइतकीच करावी.

सोड्यापेक्षाही मोठा फरक वेळेने पडतो. खाल्लेला चारा पोटात आंबताना उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी सर्वाधिक असते. सकाळी दहाला टाकलेल्या कडब्याची उष्णता बरोबर दुपारी दीड-दोनला, बाहेरच्या उकाड्यात भर घालते. म्हणून दिवसाच्या चाऱ्यातील दोन-तृतीयांश भाग संध्याकाळनंतर आणि पहाटे द्यावा, दुपारी केवळ हिरवा, कुट्टी केलेला चारा थोडा थोडा टाकावा. सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार ओलावून ठेवण्याची पद्धत मेपुरती ठीक आहे. दमट हवेत ओलावलेले कुटार आणि गव्हाणीत उरलेली ढेप काही तासांत आंबते व तिला बुरशी येते, त्यामुळे लागेल तेवढेच, टाकण्याआधी शिंपडावे.

पाण्याविषयी पत्रात काही नाही, म्हणून विचारतो : आपली टाकी काळ्या प्लास्टिकची आणि उन्हात आहे का? दुपारी तिच्या नळाखाली हात धरून पाहावा. जे पाणी आपल्याला हातावर घेववत नाही, ते गाय तोंडाला लावून मागे सरते. गाईचे दूध म्हणजे शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणीच आहे, आणि या दिवसांत दुभत्या गाईला दिवसाला ७० ते १०० लिटर पाणी लागते. सावलीतील सिमेंटचा हौद, दर दोन-तीन दिवसांनी घासलेला आणि आठवड्याला चुना लावलेला, दिवसरात्र गाईच्या तोंडाशी असावा. दोहनानंतर गाय सर्वांत जास्त पाणी पिते, त्या वेळी तो रिकामा नसावा.

प्रश्न : उन्हाळ्यात भरवलेल्या गाई उलटतात हे समजते, पण पाऊस पडून गारवा आल्यावर जुलै-ऑगस्टमध्येही त्या गाभण का राहत नाहीत? (जि. अमरावती)

उत्तर : ऑगस्टमध्ये सुटणारे बीज गाईच्या अंडाशयात मे-जूनपासूनच वाढत असते. त्या काळात अंगात साठलेल्या उष्णतेने बीज दुबळे होते, आणि गारवा आला तरी दुबळी बीजे संपायला दीड-दोन महिने लागतात. वळूचेही तसेच असते. त्याचे वीर्य तयार व्हायला दोन महिने लागत असल्याने उकाड्यात तापलेला गावचा वळू पोळ्यापर्यंत भरवशाचा नसतो. कृत्रिम रेतनाच्या कांडीत ही अडचण कमी असते.

उकाड्यात माज थोडा वेळ टिकतो आणि बहुधा रात्री दिसतो, त्यामुळे रात्री नऊ-दहाला आणि पहाटे चारला गोठ्यात एक फेरी मारावी. सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला, गाय अस्वस्थ वाटली, की त्या वेळेपासून साधारण बारा तासांनी रेतन करावे. रेतनानंतरचे पहिले काही दिवस फार नाजूक असतात. तयार झालेला गर्भ उष्णतेने तेव्हाच मरतो आणि आपल्याला वाटते की गाय उलटली. तो आठवडा त्या गाईला पाणी आणि वारा इतर गाईंपेक्षा जास्त द्यावा. तितकेच लक्ष भाकड गाईकडे द्यावे. दूध नाही म्हणून तिला बाहेर टिनाखाली बांधतात, परंतु व्यायच्या आधीचे दोन महिने उकाड्यात गेले तर वासरू हलके जन्मते आणि पुढच्या वेताचे दूधही कमी भरते.

प्रश्न : आमच्या दोन म्हशी दुपारभर गावच्या बोडीत (लहान तळ्यात) बसतात. त्याने दूध कमी होते आणि रोग होतात, असे सांगतात. बोडीत नेणे बंद करावे का? (जि. भंडारा)

उत्तर : बंद करू नये. म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी, त्यामुळे घामाने अंग थंड करणे तिला जमत नाही. पाणी आणि चिखल हीच तिची सोय आहे. अंगाला लागलेला चिखल सुकत असतानाही तिला गार ठेवतो, म्हणून बाहेर आल्यावर तो लगेच धुऊ नये. फक्त कास आणि सड दोहनाआधी स्वच्छ धुऊन पुसावेत. खरा त्रास होतो तो जाण्या-येण्यात. दुपारी बाराच्या उन्हात अर्धा कोस चालवत नेलेली म्हैस पाण्यात शिरेपर्यंत आधीच तापलेली असते. दहाच्या आत न्यावे, चारनंतर आणावे. बोडीत घोटाभरच पाणी उरले असेल, तर ते दुपारी तापते आणि त्यात बसून काही साधत नाही. अशा वेळी घरी झाडाखाली बादलीने पाणी घालणे बरे.

रोगाची भीती अगदी खोटी नाही. बोडीच्या काठच्या गोगलगायींमुळे यकृतातील चपट्या कृमींचा प्रसार होतो, आणि ते पोटात जातात ते काठचे ओले गवत खाल्ल्याने. म्हशीला पाण्यात बसू द्यावे, काठावर चरू देऊ नये, पिण्याचे पाणी घरीच पाजून न्यावे, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला व अखेरीस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने या कृमींवरचे औषध द्यावे.

प्रश्न : पेरणीच्या घाईत बैलांना दुपारीही जुंपावे लागते. किती वेळ चालेल? (जि. वाशीम)

उत्तर : जुंपणीच्या जनावरांविषयी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळेत बैल गाडीला किंवा ओझ्याला जुंपता येत नाहीत, सलग पाच तासांहून अधिक आणि दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक काम घेता येत नाही. दमट दिवशी पारा ३४ किंवा ३५ असला तरी ही दुपारची सुटी मी पाळायला सांगेन, कारण त्या हवेत बैलाचा घाम वाळत नाही. पहाटे पाचला जू ठेवावे, दहाला सोडावे, आणि चारनंतर पुन्हा जुंपावे. काम चालू असताना दर तासाला धुऱ्यावर थांबून कूस पाहावी. श्वास मिनिटाला ८० च्या वर असतील, तर पेरणीची ओळ अर्धी राहिली तरी जू उतरवावे. बैल सोडल्यावर जूखालची मान आणि वशिंडामागचा भाग ओल्या फडक्याने पुसून पाणी दाखवावे, आधी अर्धी बादली आणि पाच-दहा मिनिटांनी पोटभर.